पंधरा मिनिटांसाठी जंगल कापायचे का?



गोंदिया-बल्लारशा रेल्वे लाइन दुहेरी होणार आहे. २४० किलोमीटर, ४,८१९ कोटी रुपये. एप्रिल २०२५ मध्ये केंद्राच्या मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. सिंदेवाही, मूल, केळझर, चिचपल्ली, सगळा जंगलाचा पट्टा. आपल्याला कोणी विचारले?

गाडी आम्हालाही पाहिजे. दवाखाना, कॉलेज, बाजार, आम्ही याच गाडीने जातो. आमचे भांडण गाडीशी नाही, तिच्या वेगाशी आहे.

याच लाइनीवर १५ नोव्हेंबर २०१८ ला चिचपल्लीजवळ जुनोन्याच्या जंगलात वाघाची तीन पिल्ले गाडीखाली कटली. आपली गुरे कटतात, त्याची तर बातमीही होत नाही. जंगलात गाडी हळू चालवा म्हटले, की उत्तर ठरलेले: प्रवाशांचा वेळ जातो.

चला, हिशोब करू. २० किलोमीटर जंगल ताशी ८० च्या वेगाने १५ मिनिटांत पार होते, ४० च्या वेगाने ३० मिनिटांत. फरक किती? १५ मिनिटे. आज लाइन एकेरी आहे. समोरून गाडी आली की एकीला स्टेशनात बाजूच्या रुळावर थांबावेच लागते. खरा वेळ तिथे जातो. दुसरी लाइन झाली की हे थांबणे वाचेल. मग त्या वाचलेल्या वेळातली १५ मिनिटे जंगलाला द्यायला काय जड जाते?

मर्यादा फक्त आमच्यासाठी आहे काय? वाघ आहे, मोहफुलाला जाऊ नका. वाघ आहे, गुरे चारू नका. टोपली घेऊन पायी जाणाऱ्या बाईला नियम, आणि हजारो टनांच्या मालगाडीला मोकळे रान! भरलेली मालगाडी ब्रेक मारला म्हणून जागेवर थांबत नाही. रात्री वळणावर जनावर दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. यात ड्रायव्हरचा दोष नाही. वेग तो ठरवत नाही, वरचे साहेब ठरवतात.

आता संमतीचे बघा. वनजमीन देण्याआधी ग्रामसभेची संमती घ्या, असे केंद्राचे २००९ चे पत्रक सांगते. २०१३ मध्ये दुसरे पत्रक काढून रस्ते, रेल्वे, कालवे यांना बहुतेक ठिकाणी सूट दिली. का, तर ही म्हणे रेषेची कामे! कागदावर ती रेषा असेल, पण जमिनीवर ती आपल्या वाटेवरून, आपल्या तेंदूच्या जंगलातून जाते. वनहक्क कायदा २००६ च्या कलम ५ ने जंगल आणि वन्यजीव राखायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. पत्रक कायद्याहून मोठे नसते.

म्हणून लाइनीकाठच्या प्रत्येक गावाने ग्रामसभेत ठराव घ्यावा:

१. आमच्या संमतीशिवाय वनजमीन देऊ नये.
२. जंगलात, विशेषतः रात्री, प्रत्येक गाडीला वेगमर्यादा लावावी. मालगाडीलाही.
३. गुरांना, जनावरांना आणि माणसांना रुळाखालून जायला वाट ठेवावी.
४. पॅसेंजरचा एकही थांबा कमी करू नये.

ठरावावर सह्या-अंगठे घ्या. एक प्रत तहसीलला द्या, पोच घ्या, एक गावात ठेवा. मोजणीवाले आले की तोच कागद पुढे करा.