पालथा घडा कोणाचा?

काळी नदीचा उगम जोयडा तालुक्यातील दिग्गी गावाच्या परिसरात आहे, हे आमच्या जिल्ह्यातील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. तेथून कारवारपाशी समुद्राला मिळेपर्यंत ती सुमारे १८४ किलोमीटर वाहते आणि वाटेत सुपा, कोडसळ्ळी, कद्रा येथील धरणांतून राज्याला वीज देते. दिग्गीकडून राज्याकडे काय जाते, याचा हिशेब अशा रीतीने युनिटांत मांडलेला आहे. राज्याकडून दिग्गीकडे काय येते, याचाही हिशेब अलीकडे मांडला जाऊ लागला आहे. किती धडे ‘अपलोड’ झाले, किती जणांनी ते ‘पूर्ण’ केले, किती प्रमाणपत्रे निघाली, असे त्याचे रकाने असतात. हे रकाने भरलेले दिसले की शिक्षण पोहोचले, अशी समजूत करून घेतली जाते. या समजुतीशी आमचे भांडण आहे.

आम्ही राज्य सरकारच्या सेवेत हयात घालवली, तेव्हा आधी आमचा स्वतःचा कबुलीजबाब. निवृत्तीपूर्वीच्या काळात आमच्या कार्यालयाला एक संगणकीय प्रशिक्षण सक्तीचे झाले. पडद्यावर मजकुराच्या पाट्या सरकत, एक यांत्रिक आवाज त्या जशाच्या तशा वाचून दाखवी, आणि शेवटी दहा प्रश्न येत. प्रत्येक प्रश्नाला चार पर्याय असत. चुकले तर पुन्हा प्रयत्न करण्याची सोय असे. एका तरुण लिपिकाने एकाच दुपारी पाच वरिष्ठांची परीक्षा दिली. त्या पाचांत आम्ही होतो. आमचे प्रमाणपत्र आजही कपाटात आहे, आणि त्यावरचे नाव सोडले तर त्यात आमचे काहीही नाही.

हा विनोद म्हणून सोडून देता आला असता. परंतु पुढे एका कार्यालयाच्या खिडकीपाशी एक प्रसंग आमच्यासमोर घडला. काळीच्या खोऱ्यातील एक वृद्ध कुणबी आपल्या वनहक्काच्या दाव्याची चौकशी करण्यास आले होते. खिडकीमागून उत्तर आले, “आजोबा, पंचाहत्तर वर्षांचा कागद आणा, मग बघू.” ते म्हणाले, “आमच्या बापजाद्यांना कागद कोणी दिलाच नाही, साहेब. आमची विहीर आहे. ती बघायला या.” खिडकीमागच्या मनुष्याने मान हलवली आणि पुढच्याला बोलावले. या मनुष्याने वनहक्क कायद्यावरील संगणकीय अभ्यासक्रम उत्तम गुणांनी पूर्ण केलेला होता, हे आम्हाला नंतर कळले.

या प्रसंगातील अन्याय समजण्यासाठी कायदा थोडा पाहावा लागेल. २००६ च्या वनहक्क कायद्यानुसार अनुसूचित जमातींखेरीजच्या वननिवासींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या तीन पिढ्यांचे, म्हणजे पंचाहत्तर वर्षांचे, वास्तव्य सिद्ध करावे लागते. गोव्यात कुणब्यांना २००३ मध्ये अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. कर्नाटकात त्यांना तो मिळालेला नाही. तेव्हा डोंगराच्या अलीकडच्या कुणब्यावर हे ओझे आहेच. परंतु त्याच कायद्याखालील नियमांनी पुरावा म्हणजे केवळ कागद असे कोठेही म्हटलेले नाही. दावेदाराखेरीज अन्य वृद्धांचे लेखी उतरवून घेतलेले कथन हा पुरावा आहे. घर, बांध, सपाट केलेली जमीन हा पुरावा आहे. जुनी विहीर, दफनभूमी, देवस्थान हाही पुरावा आहे. असे एकाहून अधिक पुरावे एकत्र जोडायचे असतात. म्हणजे त्या वृद्धाने विहिरीचे नाव काढले तेव्हा ते कायद्याच्याच भाषेत बोलत होते. कायदा माहीत नव्हता तो खिडकीमागच्या प्रमाणपत्रधारकाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळलेल्या दाव्यांतील लोकांना हटविण्याचा आदेश दिला होता आणि त्याच महिन्यात तो स्थगित केला, हे आठवले म्हणजे ‘फेटाळला’ या एका शब्दाने माणसाच्या पायाखालची जमीन कशी हलते, ते ध्यानात येईल.

अशा वेळी प्रशिक्षण देणारे म्हणतात, “आम्ही सगळे सांगितले होते. कर्मचारीच पालथे घडे, त्यांच्यावर पाणी ओतून काय उपयोग?” आमचा प्रतिप्रश्न असा की, घडा पालथा आहे की सुलटा, हे ओतणाऱ्याने कधी वाकून पाहिले होते काय?

शिकणे मनोरंजक करावे, असा एक उपाय हल्ली सुचविला जातो. त्यानुसार पाट्यांच्या जागी रंगीत बाहुली येते, बरोबर उत्तराला टाळ्या वाजतात, गुणांऐवजी तारे मिळतात. आमचा हसण्याखेळण्याला विरोध नाही. परंतु शिकणाऱ्याचे मन गुंतते ते त्याच्यापुढे खराखुरा पेच उभा राहिला म्हणजे, आणि त्याने दिलेले उत्तर कोणीतरी वाचणार आहे हे त्याला ठाऊक असले म्हणजे. कीर्तनकार पूर्वरंगातला सिद्धान्त उत्तररंगातल्या आख्यानात उतरवतो, आणि समोरची मान डोलली नाही तर तेथेच थांबून दुसरा दृष्टान्त देतो. पडद्यावरच्या बाहुलीला समोर मान आहे की नाही, हेही दिसत नाही.

हे शहाणपण नवे नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात आपल्या देशाने उपग्रहाद्वारे दूरचित्रवाणी-शिक्षणाचा ‘साइट’ हा प्रयोग केला. सहा राज्यांतील सुमारे २४०० गावे त्यात होती आणि कर्नाटक त्या राज्यांपैकी एक होते. त्या प्रयोगात प्राथमिक शिक्षकांना विज्ञानाचे प्रशिक्षण देताना केवळ पडद्यावर विसंबून राहिले गेले नव्हते. जोडीला आकाशवाणी होती, छापील साहित्य होते, हाताने करावयाचे प्रयोग होते आणि शंका विचारण्यास समोर मार्गदर्शक होता. पुढे २० सप्टेंबर २००४ रोजी खास शिक्षणासाठी ‘एज्युसॅट’ हा उपग्रह सोडण्यात आला. त्यानंतर २०१७ मध्ये ‘दीक्षा’ आली, २०२० मध्ये ‘मिशन कर्मयोगी’ला मंजुरी मिळाली. साधन दर वेळी अधिक सुधारले. परंतु साधन सुधारेल तसतसा तो समोरचा मार्गदर्शक खर्चाच्या रकान्यातून वगळला जाऊ लागला, असे आमचे निरीक्षण आहे.

याची किंमत मुलांनी मोजली. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. रेंजसाठी टेकडीवर चढून बसणाऱ्या मुलांच्या बातम्या आपण सर्वांनी वाचल्या आणि हळहळलो. त्यातून निष्कर्ष मात्र एवढाच काढला की मनोरे कमी आहेत. अझीम प्रेमजी विद्यापीठाने फेब्रुवारी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कर्नाटकासह पाच राज्यांतील १६,०६७ मुले होती. त्यांपैकी ९२ टक्के मुलांनी भाषेतील आधीच्या वर्षाची निदान एक क्षमता गमावली होती आणि ८२ टक्के मुलांनी गणितातील. गमावली, म्हणजे पूर्वी येत होते ते येईनासे झाले. हा दोष एकट्या रेंजचा म्हणता येणार नाही. एखाद्या मुलाला वाचता येत नाही, हे पाहणारी नजर शाळेबरोबर बंद झाली होती.

त्याच काळात आमच्या राज्याने एक शहाणपणाची गोष्टही केली, ती सांगितली नाही तर आम्ही एकांगी ठरू. ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालेल्या ‘विद्यागम’ योजनेत आधी मुलांची विभागणी केली गेली: ज्यांच्या घरी स्मार्टफोन व इंटरनेट आहे ती, ज्यांच्याकडे नुसता साधा फोन आहे ती, आणि ज्यांच्याकडे काहीच नाही ती. मग शिक्षक गावोगाव गेले आणि देवळाच्या ओसरीवर, समाजमंदिरात, झाडाखाली मुलांना घेऊन बसले. संसर्गाच्या भीतीने ती योजना ऑक्टोबरात स्थगित करावी लागली, आणि ती भीती खोटी नव्हती. परंतु धडा देण्यापूर्वी शिकणाऱ्याच्या हाती काय आहे हे विचारणे, ही त्या योजनेची पहिली पायरी होती. साथ ओसरली आणि ती पायरी आपण विसरलो.

प्रतिपक्षाचे म्हणणे आम्हाला ठाऊक आहे. जोयड्यासारख्या, अरण्यात विखुरलेल्या वाड्यांच्या तालुक्यात प्रत्येक गावी तज्ज्ञ पाठविणे कोणत्या सरकारला परवडेल? हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच आम्ही पडद्याचा निषेध करीत नाही. एकच धडा दहा वेळा ऐकता येणे, नको तेथे थांबविता येणे, उत्तम जाणकाराचा आवाज वाडीवर येणे, ही पडद्याची देणगी आहे. आमचा आग्रह एवढाच की धडा बेंगळुरूच्या वातानुकूलित खोलीतून दिग्गीकडे न रचता दिग्गीपासून मागे रचावा.

म्हणजे नेमके काय? त्या विहिरीचेच उदाहरण घेऊ. ‘वनहक्क कायदा : प्रस्तावना व व्याख्या’ अशी सुरुवात करू नये. सुरुवात अशी असावी: तुमच्यासमोर एक आजोबा उभे आहेत, कागद नाही, विहीर आहे. तुम्ही काय कराल? शिकणाऱ्याने आधी निर्णय द्यावा, नियम त्याला मग कळावा. धडा पाच-सहा मिनिटांचा असावा आणि बाजाराच्या दिवशी रेंजमध्ये आले असता उतरवून घेऊन घरी, रेंज नसताना, ऐकता यावा. चित्र न दिसताही नुसत्या आवाजावर तो समजावा. तो कन्नडमध्ये असावा, तसाच कुणब्यांच्या कोंकणीत आणि मराठीतही असावा. कारण हे शिक्षण जितके खिडकीमागच्या माणसाला हवे, तितकेच ग्रामसभेच्या वनहक्क समितीत बसणाऱ्या बाईलाही हवे. या समितीत किमान एक तृतीयांश स्त्रिया असाव्यात, असे नियमच सांगतो. एका फोनभोवती चौघीजणी बसून ऐकतील, हे गृहीत धरूनच धडा रचावा.

पुढे चार पर्यायांची परीक्षा नको, काम हवे. आपल्या गावच्या एका वृद्धाचे कथन लिहून काढा: वय काय, कोणते शेत कोण कसत होते, विहीर कोणी खणली, देवाची राई कोठे होती. ते कथन कोणीतरी वाचावे आणि पंधरा दिवसांत शेरा लिहून परत करावे. महिन्याने तोच पेच वेगळ्या रूपात पुन्हा समोर यावा. कारण उजळणीवाचून शिकलेले किती झपाट्याने विसरते, हे जर्मन संशोधक एबिंगहाउस याने १८८५ मध्येच दाखवून दिले आहे, आणि आपल्या पाठांतर करणाऱ्या आजोबांना ते त्याही आधी ठाऊक होते. शेवटी, यशाचे मोजमाप प्रमाणपत्रांच्या संख्येने करू नये. ‘कागद नाही’ या एका कारणास्तव परत गेलेले दावे वर्षभरात किती घटले, ते मोजावे.

यात खर्च आहे तो शेरा लिहिणाऱ्या माणसाचा, आणि नेमका तोच खर्च टाळण्यासाठी सारा डोलारा उभा केला जातो. आमचे सरकारला सांगणे आहे की बाहुलीवरचा खर्च वाचवा आणि त्या पैशात माणूस ठेवा. शिवाय कोणताही संगणकीय धडा मंजूर करण्यापूर्वी तो रचणाऱ्याने काळीच्या उगमाकडील एखाद्या वाडीवर एक दिवस बसून तो तेथल्या फोनवर, तेथल्या माणसांबरोबर पुरा करून दाखवावा, अशी अट घाला. जो धडा तेथे चालेल तो बेंगळुरूत अडणार नाही.

शासनाला उपदेश करून मोकळे होणे आम्हा निवृत्तांना सोपे असते, म्हणून शेवटचा शब्द आपल्या घरासाठी. आमच्या मंडळात निवृत्त शिक्षक आहेत, वकील आहेत, कन्नड, मराठी आणि कोंकणी या तिन्ही भाषा सहज बोलणारे आहेत. वृद्धांची कथने वाचून त्यांवर शेरा लिहिणे आपल्यापैकी कोणालाही अशक्य नाही. येत्या बैठकीत असा पहिला धडा तिन्ही भाषांत ध्वनिमुद्रित करण्याचा प्रस्ताव आम्ही मांडणार आहोत. आलेली कथने वाचण्याचे काम प्रथम आमच्याकडे द्यावे. ज्याची परीक्षा दुसऱ्याने दिली, त्याने एवढे तरी शिकून घेतले पाहिजे.