दोस्तांचा दरबार आणि खर्चाची वही

'नाटो'ची शिखर परिषद भरली की वर्तमानपत्रांत एक छायाचित्र हमखास येते. रांगेत उभे राष्ट्रप्रमुख आणि सगळ्यांच्या चेहऱ्यावर लग्नातल्या फोटोत असते तसे हसू. जून २०२५ मध्ये हेग शहरी ३२ देशांचे नेते असेच उभे राहिले. आपण फोटो पाहतो आणि पान उलटतो. पण त्या बैठकीचा खरा विषय पैशाचा होता. २०३५ पर्यंत प्रत्येक सभासदाने राष्ट्रीय उत्पन्नाचे ५ टक्के संरक्षणावर आणि त्याला पूरक कामांवर खर्चायचे, असे तिथे ठरले. २०१४ साली वेल्समध्ये २ टक्के ठरले होते. पुढे दहा वर्षे कोण देतो आणि कोण चुकवतो यावरच कुरबुरी चालल्या.

मी बँकेत होतो तेव्हा आम्ही चार बँका मिळून एका कारखान्याला कर्ज देत असू. दर तिमाहीला बैठक होई. तिचे इतिवृत्त बहुधा आदल्या रात्रीच टाइप झालेले असे. प्रत्यक्षात चहा, काजू आणि हस्तांदोलन. एकदा मी ते न वाचताच सही केली. कारखाना बुडाला तेव्हा कळले, की तारणाची कागदपत्रे पुढाकार घेणाऱ्या बँकेच्या तिजोरीत, आणि आमच्याकडे नुसती माझी सही.

आपला देश कुठल्या लष्करी गटात नाही, तेव्हा आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणेल. पण महाराष्ट्र एकदा अशा गटात होता, आणि तो करार पुण्यातच झाला. निवृत्तीनंतर मी मुळशीत राहायला आलो. इथल्या मुळेचे बरेचसे पाणी आता बोगद्याने घाटाखाली भिऱ्याला वीज करायला जाते. उरलेली नदी पुण्यात संगमावर मुठेला भेटते. त्या संगमावर इंग्रजांची रेसिडेन्सी होती. १७८६ साली पुण्यास आलेला चार्ल्स मॅलेट तिथून पेशव्यांशी बोलणी करी. पेशव्यांच्या बाजूने नाना फडणीस, आणि मधली ये-जा बहिरोपंत मेहेंदळ्यांची. १ जून १७९० रोजी टिपू सुलतानाविरुद्धचा तह ठरला. निजाम त्यात तिसरा.

त्या तहाच्या दरबाराचे एक मोठे तैलचित्र आहे. कोवळे सवाई माधवराव, नाना, मॅलेट, भोवती मानकऱ्यांची दाटी. थॉमस डॅनियलने ते जेम्स वेल्स या चित्रकाराच्या रेखाटनांवरून पुरे केले आणि १८०५ साली लंडनात मांडले. गंमत अशी, की वेल्स हिंदुस्थानात आला तोच १७९१ साली. तो दरबार त्याने पाहिलाच नव्हता! फोटोसाठी मंडळी पुन्हा उभी करायची रीत जुनीच म्हणायची.

कलमे मात्र नानांनी नीट वाचली होती. पेशवे आणि निजाम यांनी प्रत्येकी २५ हजारांची फौज आणायची. जिंकलेला मुलूख तिघांत सारखा. इंग्रजांनी मागितल्यास दहा हजार स्वार द्यायचे, पण त्यांचा खर्च कंपनीने सोसायचा. बरोबरीच्या माणसाने केलेला व्यवहार होता तो.

मे १७९१ मध्ये त्याची परीक्षा झाली. लॉर्ड कॉर्नवॉलिस श्रीरंगपट्टणच्या तोंडाशी पोचला, पण दाणावैरण संपली, बैल मेले. वेढ्याच्या तोफा त्याने स्वतःच फोडल्या आणि माघारी फिरला. दोस्त जवळ आले आहेत याचा त्याला पत्ता नव्हता, कारण टिपूने जासूद अडवले होते. अशा वेळी हरिपंत फडके आणि परशुरामभाऊ पटवर्धनांची फौज समोर आली. तिच्यामागे चालता बाजार होता. धान्य तर होतेच, शिवाय काश्मिरी शालींपासून विलायती चाकूपर्यंत सारे मिळत होते. उपाशी इंग्रज फौज त्या बाजारावर जगली. भाव अर्थात चढे होते. दोस्ती आपल्या जागी, दुकान आपल्या जागी.

मग हरिपंतांनी उलट कर्ज मागितले: फौज पोसायला पैसे नाहीत. कॉर्नवॉलिसने कंपनीच्या चीन व्यापारासाठी निघालेली चांदी अडवून बारा लाखांच्या घरातली रक्कम दिली. मला हा प्रसंग साऱ्या लढाईहून मोलाचा वाटतो. दोघेही एकमेकांचे देणेकरी होते; तोवर युती शाबूत होती. मार्च १७९२ च्या तहात टिपूचा निम्मा मुलूख आणि ३ कोटी ३० लाख रुपये मिळाले. तिघांनी सारखे वाटून घेतले.

तीनच वर्षांनी, मार्च १७९५ मध्ये, खर्ड्याला मराठे आणि निजाम एकमेकांवर तुटून पडले. निजामाने इंग्रजांकडे मदत मागितली. ते तटस्थ राहिले. मराठे जिंकले, पुण्यात आनंद झाला. दुसऱ्या दोस्ताचे वागणे आपल्यालाही कधी लागू पडेल, हा विचार त्या आनंदात कोणी केला असेल का, कोण जाणे.

१८०० साली नाना वारले. ३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावांनी होळकरांच्या धाकाने वसईला इंग्रजांशी नवा तह केला. कंपनीच्या किमान सहा पलटणी पेशव्यांच्या मुलखात कायम राहायच्या, आणि त्यांच्या खर्चापोटी २६ लाखांचा मुलूख कंपनीला तोडून द्यायचा. १७९० मध्ये मराठी स्वारांचा खर्च कंपनी देणार होती. बारा वर्षांत तीच नोंद वहीच्या दुसऱ्या बाजूला गेली.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी, खडकीच्या लढाईच्या दिवशी, संगमावरची रेसिडेन्सी जळाली. दरबाराचे चित्र मात्र लंडनच्या टेट गॅलरीच्या संग्रहात सुखरूप आहे.