मोपा ते चिपी : वेळ कुठे जातो?

पेडण्याचे मोपा आणि वेंगुर्ले तालुक्यातील परुळे-चिपी या दोन विमानतळांमधले हवाई अंतर सुमारे 45 किलोमीटर. एटीआर जातीचे लहान विमान पूर्ण वेगात असले तर सहा मिनिटांत ते कापील. एवढ्यासाठी विमान कोणी सोडणार नाही, सोडूही नये. पण पेडण्याचा माणूस सातार्ड्याचा पूल ओलांडून शिरोडा-वेंगुर्लेमार्गे परुळ्याला निघाला, तर त्याचे दीड-दोन तास सहज जातात. बसने गेला तर किती, ते विचारू नका.

केंद्राच्या 2008 च्या धोरणानुसार चालू नागरी विमानतळापासून 150 किलोमीटरांच्या आत नवा विमानतळ बांधायचा तर त्याचे परिणाम तपासून खास विचार करावा लागतो. येथे दाबोळी ते चिपी हे सरळ रेषेतले अंतरच 75-76 किलोमीटर, आणि मोपा त्यांच्या मध्ये. घाटापलीकडचे बेळगावचे सांबरेही मोपापासून 80-82 किलोमीटरांवर. इतके विमानतळ क्वचितच कोणा मुलखाच्या वाट्याला आले असतील!

चिपीचे उद्घाटन 9 ऑक्टोबर 2021 रोजी झाले. त्या दिवशी व्यासपीठावर ठाकरे आणि राणे यांच्यात रंगलेली टोलेबाजी लोकांना विमानापेक्षा अधिक आठवते. ‘उडान’ योजनेत कंपनीला सरकारी अर्थसाहाय्य मिळते ते तीन वर्षे. ती मुदत भरली आणि 2024 च्या ऑक्टोबरात अलायन्स एअरची मुंबई फेरी थांबली. अनुदानावर उडणारे विमान अनुदानाबरोबर खाली येते, हे तेव्हा दिसले. मोपाला 5 जानेवारी 2023 पासून विमाने उतरू लागली. त्याचे भाग्य थोर, कारण त्याच्यामागे गोव्याचे पर्यटन उभे आहे.

आमचा सवाल जमीन दिलेल्या माणसाचा आहे. मोपा, वारखंड, कासारवर्णे, चांदेल, उगवे येथील सडा आणि बागायती गेल्या. पेडणे 1788 साली पोर्तुगीजांकडे जाईपर्यंत सावंतवाडीकरांचे होते. आपल्या जुन्या घरांच्या सोयरिकी आजही बांदा, आरोंदा, दोडामार्गापर्यंत पसरलेल्या आहेत. पुण्या-मुंबईहून रात्री मोपाला उतरलेल्या मुलाला डिचोलीच्या वा सावंतवाडीच्या घरी पोचवायला मात्र टॅक्सीखेरीज उपाय सापडत नाही, आणि कधी कधी टॅक्सीचे भाडे विमानाच्या तिकिटाशी स्पर्धा करते. कदंबची बस मोपाहून पणजी-मडगावला जाते. तशीच ती विमानांच्या वेळा धरून डिचोली, साखळी, बांदा आणि सावंतवाडीला का जाऊ नये? कदंब आणि महाराष्ट्राची एसटी या दोघांच्या गाड्या सीमा ओलांडून पूर्वीपासून धावत आहेत. नवा करार, नवा कायदा काही लागत नाही. पेडणे रेल्वे स्थानकावर गाडी आली की विमानतळाकडे जाणारी बस उभी असावी, एवढेही कोणाला सुचू नये?

मते मागायला येणाऱ्यांपुढे पेडणे आणि डिचोलीच्या सभासदांनी आधी हे वेळापत्रक ठेवावे. तिसऱ्या-चौथ्या विमानतळाच्या गप्पा ऐकायला आम्हांला सवड आहे, पण शेवटची बस गेल्यावर घर गाठायचे कसे, ते त्यांनी आधी सांगावे.