खपलीचे टरफल आणि जनुक संपादन

मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने ‘कमला’ आणि ‘पुसा डीएसटी राइस १’ हे जनुक संपादित भाताचे दोन वाण जाहीर केले. मग खपली गव्हाचे टरफलही असेच सैल करता येईल का?

गव्हात हा बदल निसर्गाने हजारो वर्षांपूर्वीच केला आहे. गव्हातील ‘क्यू’ जनुकाला मायआर-१७२ हा छोटा आरएनए लगाम घालतो. तो जिथे चिकटतो तिथले एकच अक्षर बदलले, लगाम सैल झाला, जनुकाचे काम वाढले आणि मळणीत दाणा मोकळा होऊ लागला. बन्सी, शरबती हे असे गहू. खपलीत जुनेच अक्षर टिकले आहे. म्हणून मळणीनंतर ती वेगळी भरडावी लागते आणि तो खर्च भावातून वजा होतो.

मात्र एवढ्या एका अक्षराने भागणार नाही. टरफल घट्ट धरणारी इतर जनुकेही आहेत. त्यामुळे ‘मळणीतच मोकळी होणारी खपली’ म्हणून कोणी बियाणे देत असेल तर आधी भेसळीचीच शंका घ्यावी. (टरफलच सुटले तर ती खपली कसली!) पक्व ओंबी तळहातावर चोळून पाहा. खपली टरफलासकट तुकड्यांनी तुटते, साधा गहू दाणा सोडतो. बियाण्याच्या प्लॉटमधून अशी झाडे कापणीआधीच काढून टाका.