राखणदार रात्री कुठे झोपतो?



गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आमच्या वस्तीवर मोती नावाचा कुत्रा आहे. इमानी, अंगानं दांडगा. एका सकाळी तो तोंडात सशाचं पिल्लू घेऊन आला आणि ओट्यापाशी ठेवून शेपूट हलवत उभा राहिला. पोरांनी टाळ्या पिटल्या. आमची आई मात्र म्हणाली, "त्याला पोटभर घालता का रे कधी?" बोलणं लागलं मला. उरलीसुरली भाकरी टाकायची, न उरली तर तीही नाही, असाच आमचा कारभार होता.

कुत्रा आपण पाळतो म्हणतो, पण पुष्कळ घरी तोच आपलं पोट भरून येतो आणि राखण तेवढी आपली करतो. रात्री मोकळे सुटलेले चार-सहा कुत्रे एक झाले की माळ पालथा घालतात. टिटवी, चितूर, तित्तर यांची घरटी जमिनीवरच. अंडं राहत नाही की पिल्लू. खोकडाच्या बिळाचीही तीच गत. हे खोकड शेतातले उंदीर खातं, म्हणजे आपला बिनपगारी गडीच की! लांडग्यांचं तर रक्तच बदलू लागलं आहे. पुणे जिल्ह्याच्या माळावर कुत्रा आणि लांडगा यांचा संकर झाल्याचं २०२३ साली तपासणीत सिद्ध झालं. रोगाचंही तसंच. २०१८ साली गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले. त्यांच्यात डिस्टेंपर हा कुत्र्यांत आढळणारा रोग सापडला होता.

"माळावरच्या जनावरांचं आम्हाला काय?" असं कोणी म्हणेल. मग घरचंच बोलू. अकोले तालुक्यातल्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याच्या खाण्याचा अभ्यास झाला, तेव्हा सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला. शेळ्यामेंढ्या, वासरं यांच्याहूनही जास्त. म्हणजे गावात मोकाट कुत्री जितकी जास्त, तितकं बिबट्याचं ताट वाढलेलं. आणि मोकळा नको म्हणून कुत्रा साखळीनं ओट्याला बांधला, तर ते ताट आपण थेट दारात मांडलं. त्याच ओट्यावर उन्हाळ्यात आपली पोरं झोपतात.

म्हणून रात्री कुत्रा कोंडावा. चार बाजूंनी भक्कम जाळी, वर पत्रा, दाराला कडी, एवढं पुरे. कोंडलेला कुत्रा राखण काय करणार, हा प्रश्न आमच्या भावकीनंही विचारला. अहो, चाहूल लागली की भुंकणं हीच त्याची राखण, आणि भुंकायला जाळी आड येत नाही. बिबट्याशी झुंजणं हे काही त्याचं काम नव्हे. मेंढरांमागे हिंडणाऱ्या धनगराच्या कुत्र्याची गोष्ट निराळी. त्याचा मालक रात्रंदिवस सोबत असतो.

कुत्री ठेवावीत एक, फार तर दोन, पण ती नीट ठेवावीत. दोन वेळा भाकरी, तीत ताक-दूध, जमेल तेव्हा अंडं. पिल्लू दीड-दोन महिन्यांचं झालं की डिस्टेंपरची आणि तीन महिन्यांचं झालं की पिसाळण्याच्या रोगाची लस टोचून घ्यावी. पुढचे डोस डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, पण चुकवू नयेत. कुत्रा चावलाच, आपला असो वा परका, तर जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. हळद, चुना, मंत्र यांत वेळ घालवू नये. या रोगाची लक्षणं एकदा दिसली की माणूस बहुधा हाती लागत नाही. कुत्रीचं ऑपरेशन करून घेतलं, तर पिल्लं पोत्यात घालून दुसऱ्या गावच्या वेशीवर सोडण्याचं पापही टळतं. (ही चाल आपल्याकडे आहे, उगाच नाही म्हणू नका.)

आणखी एक. मेलेलं जनावर माळावर टाकू नका, खोल पुरा. पूर्वी गिधाडं तासाभरात ते साफ करीत. गुरांना टोचलेल्या डायक्लोफिनॅकनं ती मेली. जनावरांसाठी त्या औषधावर २००६ साली बंदी आली, पण गिधाडं काही पूर्वीसारखी परतली नाहीत. आता ते मढं मोकाट कुत्र्यांच्या वाट्याला जातं आणि त्यांची पैदास वाढते.

मोतीची खोली आम्ही जुने पत्रे आणि नवी जाळी लावून गोठ्याच्या कडेला केली. पहिल्या दोन रात्री त्यानं कोणाला झोपू दिलं नाही. तिसऱ्या रात्री आईनं भाकरी आतच ठेवली, तेव्हा आपणहून जाऊन बसला. यंदा बांधावर टिटवीनं अंडी घातली आहेत, चार. पोरं लांबूनच बघून येतात.