तापात मेंदूवर डाग दिसला. तो कायमचा असतो का?

मुलाला ताप, मग झटके, मग एमआरआय. राळेगावहून यवतमाळ किंवा सेवाग्राम गाठलेल्या कुटुंबाच्या हाती रिपोर्ट येतो: मेंदूवर डाग. त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर फिरतो आणि घरचे धास्तावतात. पण असा प्रत्येक डाग कायमचा नसतो.

डेंग्यू, इन्फ्लूएंझा, रोटाव्हायरस अशा संसर्गांत कधीकधी मेंदूच्या दोन भागांना जोडणाऱ्या पट्ट्याच्या मागच्या टोकाला तात्पुरती सूज येते. एमआरआयमध्ये ती पांढरी दिसते. जपानी डॉक्टरांनी २००४ मध्ये या स्थितीचं वर्णन केलं. तिला ‘मर्स’ म्हणतात. कोरोनाविषाणूमुळे होणारा मर्स वेगळा. बहुतेक रुग्ण बरे होतात आणि डाग काही दिवसांत किंवा आठवड्यांत नाहीसा होतो.

मग निर्धास्त राहायचं का? नाही. १९६५ मध्ये नागपूर परिसरात सापडलेला चांदीपुरा विषाणू एक-दोन दिवसांत मुलाचा जीव घेऊ शकतो. जपानी मेंदूज्वरानं कायमचं अपंगत्व येऊ शकतं. डागाची जागा, लक्षणं आणि इतर तपासण्या एकत्र पाहूनच डॉक्टर फरक ओळखतात.

म्हणून तापात झटके आले, शुद्ध हरपली किंवा मूल असंबद्ध बोलू लागलं, तर वाट न पाहता रुग्णालय गाठा. आणि डाग जाईल का, हे ग्रुपवर न विचारता उपचार करणाऱ्या डॉक्टरांनाच विचारा.