मायनिंग रिगचा एसएमपीएस

घरातल्या किंवा ऑफिसातल्या कॉम्प्युटरचा एसएमपीएस आपल्या क्षमतेच्या निम्म्यापर्यंतही क्वचितच जातो. गेम खेळणाऱ्याचा तास-दोन तास तापतो आणि रात्री थंड होतो. क्रिप्टो नाणी मिळवण्यासाठी चालवलेल्या मायनिंग रिगच्या एसएमपीएसला अशी विश्रांती नाही. सहा ग्राफिक्स कार्डांचा लोड सकाळी, दुपारी, मध्यरात्री तेवढाच असतो आणि तो जवळजवळ सगळा १२ व्होल्टच्या लाइनवर पडतो. ५ आणि ३.३ व्होल्टच्या लाइनींना रिगमध्ये फारसे काम उरत नाही. त्यामुळे एसएमपीएसची निवड लेबलावरच्या मोठ्या आकड्यापासून सुरू झाली, की ती पहिल्याच पायरीला चुकते.

कॅबिनेटसोबत मिळणाऱ्या स्वस्त एसएमपीएसचे लेबल वाचण्यासारखे असते. वर ठळक ४५० वॅट. खाली बारीक रकान्यात १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर. गुणाकार केला की १९२ वॅट निघतात, म्हणजे एका मोठ्या कार्डालाही ते पुरायचे नाहीत. बाकीचे वॅट ज्या लाइनींच्या नावे मांडलेले असतात, त्यांना रिग हात लावत नाही. चांगल्या १००० वॅटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टसमोर ८३ अँपिअर लिहिलेले असते. म्हणजे नावातला सगळा भार तो या एका लाइनवर द्यायला तयार असतो. बाकी काहीही वाचण्याआधी हा रकाना वाचावा.

पुढचा प्रश्न किती वॅटचा. आरटीएक्स ३०७० या कार्डाची कंपनीने ठरवलेली मर्यादा २२० वॅट आहे. इथरियम क्लासिकसारख्या, मुख्यतः मेमरीवर चालणाऱ्या नाण्यासाठी कोअरचा वेग आणि व्होल्टेज उतरवले, की हेच कार्ड १३० वॅटच्या आसपास बसते. सहा कार्डांचे ७८०, मदरबोर्ड, प्रोसेसर आणि पंख्यांचे १०० धरून हिशेब ८८० वॅटवर येतो. १२०० वॅटचा एसएमपीएस इथे ७३ टक्के लोडवर आरामात चालेल. पण हा हिशेब सेटिंग जागेवर आहे तोवरचा. रेव्हनकॉइनसारखे कोअरवर ताण देणारे नाणे घेतले, किंवा ड्रायव्हर बदलल्यावर पॉवर लिमिट लागू झाले नाही, तर सहा कार्डे आपापल्या २२० वॅटकडे सरकतात आणि बेरीज १४२० वर जाते.

अशा वेळी संरक्षण यंत्रणा एसएमपीएस बंद करील, हा समज धोक्याचा आहे. ओव्हर-पॉवर प्रोटेक्शन ठरावीक टक्के जादा भार झाल्यावरच काम करते. ती मर्यादा १२० टक्के असेल तर १२०० वॅटचा एसएमपीएस १४४० पर्यंत तक्रार करणार नाही. १४२० वॅटवर तो रात्रभर चालेल आणि तापेल. २०२१ मध्ये तैवानच्या एका नामांकित कंपनीचे ७५० आणि ८५० वॅटचे एसएमपीएस चाचण्यांत स्फोट होऊन बंद पडल्याचा गाजावाजा झाला, तेव्हा कंपनीने हीच मर्यादा १२०–१५० टक्क्यांवरून ११०–१२० टक्क्यांवर आणली आणि जुने नग बदलून देण्याची तयारी दाखवली. सेटिंग उतरवलेल्या स्थितीत जास्तीत जास्त ७० ते ८० टक्के लोड आणि सेटिंग उडाल्यावरही शंभराच्या आत, ही खरी सुरक्षित मोजणी. वरच्या रिगला या मोजणीने १६०० वॅटचा एसएमपीएस लागतो. तो परवडत नसेल तर कार्डे पाच करावीत, एसएमपीएस हलका करू नये.

मात्र रिग जळतात त्या बहुधा एसएमपीएसच्या पोटात नव्हे, त्याच्या टोकाला. पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कार्डाला ७५ वॅटपर्यंत ओढण्याची मुभा आहे, त्यातले ६६ वॅट १२ व्होल्टवर. रिगमध्ये कार्ड थेट स्लॉटमध्ये नव्हे, केबलने स्लॉटला जोडलेल्या रायझरवर बसते, म्हणून हे वॅट रायझरच्या पॉवर केबलमधून येतात. साटा कनेक्टरमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. एकूण साडेचार अँपिअर, म्हणजे ५४ वॅट. हार्ड डिस्कसाठी बनलेला हा कनेक्टर रायझरला जोडला, की काही आठवड्यांत पांढरे प्लॅस्टिक पिवळे पडते, मग तपकिरी होते, आणि एके दिवशी पिनेसकट वितळून सॉकेटला चिकटते. रायझरसोबत डब्यात येणारी साटाची जोडणी पहिल्याच दिवशी बाजूला टाकावी. सिक्स-पिन पॉवर घेणारा रायझर घ्यावा. मोलेक्स वापरायचा झाला तर एका केबलवर दोनपेक्षा जास्त रायझर टांगू नयेत.

एट-पिन कनेक्टरची गोष्ट वेगळी नाही. त्याची मान्य क्षमता १५० वॅट आणि १२ व्होल्टच्या तारा तीन. एकाच केबलच्या शेवटी दोन एट-पिन असतील आणि दोन्ही एका कार्डाला जोडले, तर ३०० वॅट, म्हणजे २५ अँपिअर, त्याच तीन तारांतून जातात. प्रत्येकीवर आठ अँपिअरहून जास्त. पिनेचा स्पर्श घट्ट असेल, रोध पाच मिलिओहम असेल, तर तिथे जेमतेम एक तृतीयांश वॅट उष्णता होते. पिन सैल होऊन रोध पन्नास मिलिओहमवर गेला, की तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत तीन वॅटहून जास्त उष्णता साठते. दोन कनेक्टरच्या कार्डाला दोन स्वतंत्र केबली द्याव्यात. तपासणी सोपी आहे. रिग चालू असताना मल्टिमीटरने एसएमपीएसच्या टोकाला आणि कार्डाच्या टोकाला १२ व्होल्ट मोजावेत. एका बाजूला १२.१ आणि दुसऱ्या बाजूला ११.६ आले, तर अर्धा व्होल्ट वाटेत उष्णता होऊन जातो आहे. एटीएक्सची खालची मर्यादा ११.४ व्होल्ट आहे. तिथवर पोचण्याची वाट पाहू नये.

८० प्लसच्या ब्राँझ, गोल्ड, प्लॅटिनम या श्रेणी वीज वाया किती जाते ते सांगतात, टिकाऊपणाची हमी देत नाहीत. निम्म्या लोडवर ११५ व्होल्टच्या चाचणीत ब्राँझला ८५, गोल्डला ९० आणि प्लॅटिनमला ९२ टक्के कार्यक्षमता लागते. आपल्याकडच्या २३० व्होल्टवर प्रत्यक्ष आकडे थोडे बरे येतात, श्रेणींतला फरक मात्र राहतो. ९०० वॅट द्यायचे तर ब्राँझ भिंतीतून सुमारे १०५९ वॅट घेईल आणि प्लॅटिनम ९७८. फरक ८१ वॅटचा, चोवीस तास चालून वर्षाला सुमारे ७०० युनिटचा. युनिटला ८ रुपये धरले तर साडेपाच हजार रुपये. भारतात हा आकडा जास्तच बोचतो. १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या हस्तांतरातून झालेल्या उत्पन्नावर ३० टक्के कर आहे आणि खरेदीची किंमत सोडून इतर खर्चाची वजावट नाही. मायनिंगच्या यंत्रणेवरचा खर्चही खरेदीच्या किमतीत धरला जाणार नाही, असे सरकारने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत स्पष्ट केले. चोवीस तासांच्या रिगला गोल्डच्या खाली उतरण्यात काटकसर नाही.

टिकाऊपणा ठरतो तो तापमानावर. ८० प्लसची चाचणी साधारण २३ अंश सेल्सिअसला होते. एप्रिलमध्ये नागपुरात पत्र्याखाली रिग चालवणाऱ्याला त्या आकड्याचा काय उपयोग? काही एसएमपीएसची पूर्ण क्षमता ४० अंशांपर्यंतच सांगितलेली असते, चांगल्यांची ५० अंशांपर्यंत. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरचे आयुष्य दर १० अंश वाढीला साधारण निम्मे होते. म्हणून १०५ अंशांचे कपॅसिटर असलेले मॉडेल घ्यावे आणि एसएमपीएसचा पंखा कार्डांची गरम हवा ओढणार नाही अशा बाजूला ठेवावा.

भिंतीकडच्या बाजूला चूक होते ती सॉकेटमध्ये. १४२० वॅट देणारा एसएमपीएस ९० टक्के कार्यक्षमतेने सुमारे १५८० वॅट, म्हणजे २३० व्होल्टवर जवळजवळ सात अँपिअर ओढतो. ६ अँपिअरचा सॉकेट आणि त्यावरचा एक्स्टेन्शन बोर्ड या कामाचा नाही. प्रत्येक रिगला १६ अँपिअरचा स्वतंत्र पॉइंट आणि खरे अर्थिंग हवे. अर्थिंग नसेल तर इनपुट फिल्टरच्या कपॅसिटरमुळे रिगच्या उघड्या लोखंडी सांगाड्यावर निम्म्या मेन्सएवढे व्होल्टेज तरंगते. हाताला मुंग्या येतात त्या यामुळेच. गेलेली वीज परत आल्यावर सगळ्या रिग एकदम सुरू होऊन एमसीबी पडत असेल, तर त्या थोड्या थोड्या अंतराने सुरू होतील अशी सोय करावी.

जुन्या सर्व्हरमधले १२०० वॅटचे एसएमपीएस ब्रेकआउट बोर्ड लावून वापरण्याची पद्धत स्वस्त आहे आणि वाईटही नाही. २३० व्होल्टवर ते पूर्ण क्षमता देतात. पण त्यांच्या छोट्या पंख्यांचा आवाज घरात सहन होत नाही. शिवाय १०० अँपिअरची सलग लाइन असल्याने एखाद्या बारीक तारेत शॉर्ट झाला, तर एसएमपीएस बंद होण्याआधी तार पेटू शकते. तारा जाडच घ्याव्यात. एका रिगवर दोन एसएमपीएस लावताना दोन्ही एकदम सुरू होतील असा जोड द्यावा आणि कार्ड व त्याचा रायझर यांना वीज एकाच एसएमपीएसमधून द्यावी. हा नियम मोडल्यामुळे गेलेल्या कार्डांचा दोष बहुतेक वेळा कार्ड बनवणाऱ्यावरच येतो.

१५ सप्टेंबर २०२२ रोजी इथरियम प्रूफ ऑफ स्टेकवर गेले, त्याला मायनिंगची गरज उरली नाही आणि ग्राफिक्स कार्डांच्या रिग जगभर सुट्या होऊन विकल्या गेल्या. त्यातले एसएमपीएस अजून हातोहात फिरत आहेत. पंख्याचा आवाज, कनेक्टरवरचे डाग आणि फुगलेला कपॅसिटर कोणीही बघतो. केबलींचे मात्र कोणी विचारत नाही. मॉड्युलर, म्हणजे सुट्या केबलींच्या, एसएमपीएसच्या बाजूच्या पिनांची मांडणी प्रत्येक कंपनीची, काही वेळा एकाच कंपनीच्या दोन मालिकांचीही, वेगळी असते. कनेक्टर नीट बसतो, आणि १२ व्होल्ट जिथे जायला नको तिथे जातात. पहिल्या स्विचलाच कार्ड संपते. मूळ केबलींशिवाय मिळणारा मॉड्युलर एसएमपीएस फुकट मिळाला तरी घेऊ नये.